तुकडी क

पोरं मोजली रविवार कारंजापाशी, एकतीस.
इयत्ता चौथी, तुकडी क,
पेठ रोडची महापालिकेची शाळा.
वकील त्र्यंबकराव दाबके स्मृती दालन,
शनिवारी शाळांना मोफत.
चपला बाहेर.

आत चष्मा, टाक, सुताची गुंडी, तुरुंगातली रोजनिशी,
आणि काचेत, निळ्या मखमलीवर, एक विळा.
पाटी म्हणते, याच विळ्याने वकीलसाहेबांनी
जंगलचा कायदा मोडला.
मुठीला तांब्याची तार, सात वेढे, सातवा तुटका.
पाटी वाचायच्या आधीच मी तो ओळखला,
बाजारात आपल्या घरचं जनावर ओळखावं तसा,
दावं कुणाच्याही हातात असो.

आजा सांगायचा, धवळू भोये.
डोंगराच्या पायथ्याला माणूस जमला पाचशे,
साहेब आले घोड्यावर, पांढरेशुभ्र,
आणि विळा आणायला विसरले.
"कुणाकडे आहे का रे?"
आज्यानं दिला.
आता आजा डावरा, लोहारानं पातं उलट धारेचं घडवलेलं,
उजव्या हातात ते गवत कापत नाही, नुसतं निजवतं.
साहेबांनी तीनदा ओढलं.
चौथ्यांदा मूठभर तुटलं की उपटलं, देव जाणे,
तोवर जयजयकार होऊन गेला होता.
मग विळा परत आला, आणि पोलीस येईपर्यंत
आज्यानं चार भारे कापले.
त्याचा फोटो नाही.

एकच कलम, एकच न्यायाधीश,
एकाच दुपारी दोघांना सहा सहा महिने.
नाशिकरोडच्या फाटकात मात्र एक कारकून बसलेला
वर्ग लावायला.
शिक्षण? सारा किती भरता? घरी जेवता कशात?
साहेब अ.
आजा क.
अ ला खाट, कंदील, दूध, टपाल.
क ला गळ्यात लाकडी बिल्ला आणि पुढ्यात जातं.
अ चं पीठ गव्हाचं असतं
हे आजा दळता दळता शिकला.
सुटताना मुद्देमाल परत मिळाला,
सही करता येणाऱ्याला.

दाबके खोटे होते असं मी म्हणत नाही.
रोजनिशीत लिहितात, थंडीने गुडघे धरले.
लिहितात, खरे स्वराज्य खेड्यात आहे.
एका पानावर: "सोबत काही वन्य मंडळी. भोळी, निष्ठावान."
नावं राहून गेली असतील.
एकदा त्यांनी आपली घोंगडी क बराकीत पाठवली होती.
हे सांगताना आजा जरा थांबायचा,
कारण ऊब खरी होती.

आमच्या पत्र्याच्या पेटीत एक पावती आहे, चोपन्न सालची.
त्याच उतारावर गवत कापलं म्हणून
दंड रुपये साडेतीन.
गार्डच्या टोपीवर बिल्ला नवा,
पावतीवर तीन सिंह.
चौथा मागे असतो असं कुणीतरी सांगितलेलं,
म्हणून आजा पावती पालथी करून बघायचा.

"बाई, ह्याची धार उलटीय."
वनिता चौरे. डाव्या हातानं लिहिते
म्हणून अ च्या बाईंनी माझ्याकडे धाडलेली.
"माझ्या मामानं मला असाच करून आणलाय."
ती भिंतीवरच्या फोटोकडे बघते,
साहेबांच्या उजव्या हाताकडे,
मग काचेत.
रखवालदार म्हणतो, बोटं लावू नका.

दाराशी अभिप्रायाची वही.
एरवी मीच लिहिते: दालन प्रेरणादायी, स्वच्छता उत्तम.
आज पेन तिच्याकडे दिलं.
"काय लिहू?"
दिसलं ते लिही.

जीभ बाहेर काढून ती लिहिते,
हा विळा डाव्या हाताचा आहे.
खाली नाव, चौथी क.
तळहात ओल्या शाईवरून सरकत जातो,
वाक्य थोडं फरफटतं,
वाचता येतं.